प्रसारण, प्रक्षेपण, नभोवाणी : युद्धकाळातील रेडिओविषयी लिहिताना

प्रश्न

पुण्यातील आमच्या अभ्यासमंडळासाठी ‘युद्धकाळात राष्ट्रीय रेडिओसेवा कशी चालवली गेली’ या विषयावर मी एक टिपण लिहीत आहे. प्रसारण आणि प्रक्षेपण हे शब्द मी एकमेकांच्या जागी वापरले, तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांवर खुणा केल्या. ‘नभोवाणी’ हा शब्द आता कोणी वापरत नाही, असेही एक मत पडले. शिवाय ‘प्रचार’ हा शब्द कोणाच्या बाबतीत वापरावा आणि कोणाच्या बाबतीत टाळावा, हे ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

ज्येष्ठ सदस्यांनी केलेल्या खुणा योग्य आहेत, असे माझे मत आहे. शांततेच्या काळात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले तर फारसे बिघडत नाही आणि ‘थेट प्रक्षेपण’ हा प्रयोग तर आता क्रिकेटच्या सामन्यांमुळे रूढच झाला आहे. युद्धाविषयी लिहिताना मात्र त्यांतला भेद पाळावाच लागतो. प्रक्षेपण हे यंत्राचे काम आहे : प्रक्षेपक, मनोरा, तरंगलांबी, किलोवॉट. प्रसारण हा त्याहून व्यापक व्यवहार असून त्यात बातमी निवडणे, ती लिहिणे, तपासणे, कोणत्या भाषेत कोणत्या वेळी द्यायची ते ठरवणे आणि तिची जबाबदारी घेणे हे सारे येते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने आपला राष्ट्रीय कार्यक्रम आणि प्रादेशिक कार्यक्रम बंद करून सर्व देशासाठी ‘होम सर्व्हिस’ ही एकच सेवा सुरू केली. त्यामागचे मुख्य कारण प्रक्षेपणाचे होते. प्रत्येक केंद्र आपापल्या तरंगलांबीवर बोलत राहिले असते, तर जर्मन वैमानिकांना त्या लहरींच्या आधाराने दिशा शोधता आली असती. म्हणून अनेक प्रक्षेपक एकाच तरंगलांबीवर एकत्र आणले गेले आणि हवाई हल्ल्याच्या वेळी जवळचा प्रक्षेपक बंद करून दूरच्या प्रक्षेपकांवर काम चालवले गेले. त्या भागात आवाज क्षीण होई, पण कार्यक्रम चालू राही. हेच मराठीत एका वाक्यात सांगायचे तर ‘प्रक्षेपण थांबले, प्रसारण थांबले नाही’ असे लिहावे लागेल, आणि दोन्हीकडे एकच शब्द घातला तर त्या वाक्याला अर्थच उरणार नाही.

१९७१ मधील स्वाधीन बांगला बेतार केंद्राचा, म्हणजे बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यातील रेडिओकेंद्राचा, इतिहास याच दृष्टीने पाहावा. मार्चअखेरीस चितगावजवळच्या काळूरघाट येथील प्रक्षेपण केंद्रावर पाकिस्तानी विमानांनी बाँब टाकले. पुढे २५ मेपासून हीच सेवा भारताच्या साहाय्याने, ५० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून कोलकात्यातून चालू झाली. नाव तेच राहिले, बोलणाऱ्यांची बांधिलकीही तीच राहिली. प्रक्षेपक मात्र निराळा होता. अशा वेळी ‘केंद्र हलवले’ असे मोघम लिहिण्यापेक्षा नेमके काय हलले ते सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे.

ध्वनिक्षेपण हा पर्याय कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. शब्द सुबक आहे, परंतु पुण्यात ध्वनिक्षेपक म्हटले की गणेशोत्सवाच्या मंडपातले कर्णे आणि त्यांचा परवानाच डोळ्यांपुढे येतो. सहक्षेपण हा शब्द मात्र अवश्य ठेवावा. एका केंद्राचा कार्यक्रम इतर केंद्रांनी त्याच वेळी पुढे देणे यासाठी तो आकाशवाणीवरच घडलेला आहे आणि युद्धकाळातील राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणांच्या संदर्भात त्याची गरज पदोपदी भासते.

नभोवाणीविषयी माझे मत थोडे आग्रहाचे आहे. म्हैसूरच्या डॉ. गोपालस्वामींनी १९३५ मध्ये आपल्या खासगी केंद्राला आकाशवाणी हे नाव दिले, आणि १९५०च्या दशकात ते सबंध राष्ट्रीय सेवेचे झाले. तेव्हापासून आकाशवाणी हे एका संस्थेचे विशेषनाम आहे. ‘जर्मन आकाशवाणी’ असे लिहिणे त्यामुळे खटकते, ‘जर्मन नभोवाणी’ खटकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ऑल इंडिया रेडिओलाही आकाशवाणी म्हणू नये. ८ जून १९३६ पासून त्या सेवेचे अधिकृत नाव ऑल इंडिया रेडिओ असेच होते. १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने जे स्वतंत्र खाते निर्माण केले, त्याचे नाव मराठीत दीर्घकाळ ‘माहिती आणि नभोवाणी’ असेच लिहिले गेले आणि वसंत साठे मंत्री असतानाही वाचक त्यांना माहिती व नभोवाणी मंत्री म्हणूनच ओळखत. हा शब्द जुना असेल, पण त्याने नेमून दिलेले काम आजही दुसरा शब्द करत नाही.

पूरक प्रश्न

आपल्या विवेचनामुळे बरेच स्पष्ट झाले, आभारी आहे. निवेदक ‘बातम्या देतो’ की ‘वाचतो’, यावरही आमच्याकडे चर्चा झाली. तसेच बातमी आधी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला काय म्हणावे? आणि प्रचाराचा मुद्दा राहिलाच आहे.

उत्तर

मराठी बातमीपत्रात निवेदक आपले नाव सांगून ‘बातम्या देत आहे’ असे म्हणतो आणि ते कानाला गोडही वाटते. ब्रिटनविषयी लिहिताना मात्र ‘वाचत आहे’ हेच ठेवावे. १९४० पर्यंत बीबीसीचे वृत्तनिवेदक निनावी असत. जर्मन आक्रमणाची भीती निर्माण झाल्यावर, शत्रूने एखादे केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर श्रोत्यांना खरा आवाज ओळखता यावा, म्हणून त्यांनी स्वतःची नावे सांगण्यास सुरुवात केली. १५ ऑक्टोबर १९४० रोजी लंडनमधील ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये बाँबचा स्फोट होऊन सात कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या क्षणी नऊच्या बातम्या वाचणारे ब्रूस बेलफ्रेज किंचित थांबले आणि पुढे वाचत राहिले. आवाज त्यांचा होता, मजकूर संपादकांनी लिहिलेला आणि तपासून संमत झालेला होता. ‘देणे’ या क्रियापदात ही दोन माणसे एक होऊन जातात, म्हणून ते येथे टाळावे.

तपासणाऱ्यासाठी सेन्सॉर हा रुळलेला शब्द पुरेसा आहे. प्रक्रियेला भारदस्त शब्द हवाच असेल तर परिनिरीक्षण घ्यावा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळामुळे तो महाराष्ट्रात परिचित आहे.

प्रचार हा शब्द मराठीत मुळात निर्दोष आहे. खादीचा प्रचार, राष्ट्रभाषेचा प्रचार असे आपण आदरानेच म्हणत आलो. दोष सांगायचा असतो तेव्हा आपण अपप्रचार म्हणतो, किंवा प्रचारकी हे विशेषण लावतो. म्हणून नाझी जर्मनीतील गोबेल्सच्या खात्याला, त्याच्या अधिकृत नावाप्रमाणे, प्रचारमंत्रालय म्हणावे. लंडनच्या खात्याला, त्याच न्यायाने, माहिती मंत्रालय म्हणावे. आणि कोणत्या प्रसारणाला अपप्रचार म्हणायचे ते प्रत्येक ठिकाणी पुरावा पाहून ठरवावे, कोण बोलत होते हे पाहून नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये आकाशवाणीवरून जनरल माणेकशा यांचे संदेश पूर्व पाकिस्तानातील सैन्यासाठी दिले गेले. शरण येणाऱ्यांना सन्मानाने वागवले जाईल, असे आश्वासन त्यांत होते. त्या संदेशांना आवाहन म्हणणे उचित आहे, कारण ते आश्वासन पाळले गेले.

याच कारणासाठी इंग्लंडमधील वुड नॉर्टन येथील बीबीसीच्या कामाला ‘शत्रूचा प्रचार ऐकण्याचे केंद्र’ असे लिहू नये. १९३९ पासून तेथे आणि १९४३ पासून कॅव्हरशॅम येथे परभाषा जाणणारी माणसे रात्रंदिवस कानाला यंत्र लावून बसत आणि शत्रूंबरोबरच तटस्थ राष्ट्रांचीही प्रसारणे टिपून भाषांतरित करत. ‘परकीय प्रसारणांचे श्रवणकेंद्र’ असे लिहिल्यास ते काम नेमके कळते.