शब्दचर्चा : ‘फ्लेबायटिस’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : मावसभावाचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला, ‘एन्टेरोकोलिक लिम्फोसायटिक फ्लेबायटिस’. आधी क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) समजून औषधं चालू होती, मध्ये टीबीचीही शंका आली. मावशीला ‘आतड्याच्या शिरेला सूज’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘म्हणजे शीर दबली का रे, माझ्या कंबरेसारखी?’ नेमका शब्द सुचवा.

प्रतिसाद : मावशींचं बरोबरच आहे. कंबरेत दबते तीही शीर, पायात चढते तीही, मनगटावर हिरवी दिसते तीही. शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. रक्त हृदयाकडे परत नेते ती नीला. म्हणून ‘नीलादाह’.

प्रतिसाद : ‘रक्तवाहिनीदाह’ सोपा नाही का?

प्रतिसाद : मी पॅथॉलॉजीत काम करते, कळकळीने सांगते, इथे तो नको. त्या शब्दात रोहिण्याही येतात, आणि या आजारात त्या स्वच्छ असतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर शेजारी शेजारी दिसतं: रोहिणी निरोगी, नीलेच्या भिंतीत लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) दाटी. निदान होतं ते यावरूनच. नीला बुजल्या की रक्त आतड्यात तुंबतं, भिंत सुजते, व्रण पडतात, कधी तो भाग मरतो. आतड्यात घातलेल्या दुर्बिणीतून हे क्रोन्ससारखं दिसतं, क्वचित गाठीसारखंही. बायॉप्सीचा चिमटा वरचं अस्तर तेवढं उचलतो; रोगट नीला त्याच्या खाली आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात असतात. त्यामुळे खरं नाव बहुधा ऑपरेशननंतरच कळतं. सारागा आणि कोस्टा या संशोधकांनी 1989 मध्ये रिपोर्टातलं हे नाव दिलं. 1994 मध्ये फ्लॅहर्टी आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या नावात नीला बुजण्याचाही उल्लेख आहे, तो मला जास्त पटतो.

प्रतिसाद : ‘दाह’बद्दल थोडं. लिहिताना ठीक, पण बोलताना दाह म्हणजे जळजळ. मावशी ॲसिडिटीची गोळी काढतील! ‘शोथ’ अर्थाने चोख, पण घरात कोण बोलतं? कागदावर ‘नीलादाह’, तोंडी ‘सूज’.

विचारणाकर्ता : मावशीला आज असं सांगितलं: ‘आतड्यातून रक्त परत नेणाऱ्या नळ्या सुजून बुजल्या होत्या, तो भाग काढला.’ तिला कळलं. लगेच विचारलं, ‘परत होईल का?’

प्रतिसाद : रोगट भाग पूर्ण निघाला असेल तर बहुतेकांना पुन्हा होत नाही. मात्र क्रोन्सची जुनी औषधं आता लागतात का, हे त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा.