मदत हवी आहे (अर्जंट): पिकअप घेताना गाडी झटके मारतेय

सातारी_कंदी
लोकहो लवकर सांगा, शनिवारी पुण्याहून गावी निघायचंय आणि गाडीने नाटकं लावलीत. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच नाही, मग एकदम धक्का, परत ढिली, परत धक्का. चढाला तर विचारूच नका, मागच्या वेळी खंबाटकीत ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते. सर्व्हिसिंग झालंय, पंप बदलून बघितला, फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाका. टाकू का?

नटबोल्ट
गाडी कोणती, साल कुठलं, रनिंग किती, पेट्रोल की डिझेल, डॅशबोर्डवर इंजिनची चेक लाईट लागते का? एवढं तरी लिहा राव. आणि पंप बदलला म्हणजे टाकीतला फ्युएल पंप? तो का बदलला?

टॉपगिअर_काका
थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून घ्या. माझ्या गाडीला सेम प्रॉब्लेम होता, काळा थर साचला होता, साफ केल्यावर लोण्यासारखी पळते.

इंधनमित्र
दुसरं काही नाही, ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रताप आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत, रबर पाईप, सील सगळं खातं ते. आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, मग ॲव्हरेज पडणारच.

सातारी_कंदी
अहो फ्युएल पंप नाही, नेहमीचा पेट्रोल पंप सोडून दुसरीकडे भरलं. हॅचबॅक आहे, २०१७ ची, रनिंग ९० हजारच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की इथे त्यावरूनच महाभारत होतं. लाईट मधूनच लागते, मधूनच जाते. क्लचचं सांगा ना कोणीतरी, त्याला आज उत्तर द्यायचंय.

घाटवाटकरीण
खंबाटकीत पुण्याकडून जाताना चढ लागतो, सातारकडून येताना बोगदा आहे, म्हणजे त्रास जातानाच होणार. तिसऱ्या गिअरमध्ये रेटू नका, वेळेवर दुसरा टाका, एसी बंद ठेवा. निम्म्या लोकांना घाटात गाडी चालवताच येत नाही.

सातारी_कंदी
ताई, मी मूळचा तिकडचाच आहे, गाडी चालवता येते.

नटबोल्ट
क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते, असे तुटक धक्के सहसा बसत नाहीत. तेव्हा सेटला आत्ता हात लावू देऊ नका. मला सांगा, झटके बसताना लाईट नुसती लागते की लुकलुकते? लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये, गाडी जोरात दामटू नका. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो गेला की खर्च क्लचच्या वर जाईल.

सातारी_कंदी
लुकलुकते. आणि हो, सीएनजीवर जास्त होतं, पेट्रोलवर घेतली की बरंच कमी.

टॉपगिअर_काका
सीएनजी आहे हे आत्ता सांगताय??

नटबोल्ट
धन्य आहात. इंधनमित्र, पेट्रोलवर कमी आणि गॅसवर जास्त होतंय, आता ई२० ला माफ करा. गॅसवर ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे ठिणगी पाडणारा प्लग झिजलेला असो की त्याला करंट देणारी कॉइल अर्धी मेलेली, पहिली तक्रार सीएनजीवर आणि तीही लोडवर दिसते. ओबीडी स्कॅनर लावा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचतो तो. पी०३०२ आला तर दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. मग त्याची कॉइल तीन नंबरवर टाका, कोड पुसा, चक्कर मारा. कोड पी०३०३ झाला की कॉइलच चोर. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघत बसायचं.

टॉपगिअर_काका
एवढा उपद्व्याप कशाला, इरिडियम प्लग टाका, विषय संपला.

नटबोल्ट
काका, कॉइल मेलेली असेल तर सोन्याचा प्लग टाकून पण उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये दिलाय तोच प्लग, तेवढाच गॅप.

इंधनमित्र
ॲव्हरेज पडतं हे तरी मान्य करा.

सातारी_कंदी
दुसऱ्या गॅरेजात नेली, समोर उभं राहून करून घेतलं. पी०३०२ च आला, कॉइल तीनवर टाकली तर पी०३०३. दोन नंबरचा प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ, वरपासून खालपर्यंत, आणि कॉइलचं रबर आतून चिरलेलं. मेकॅनिक म्हणाला करंट प्लगच्या टोकाला न जाता बाहेरूनच उतरत होता, नुसती कॉइल बदलली आणि जुना प्लग ठेवला तर रेघ परत नव्या रबरावर उमटते. कॉइल एक, प्लग सगळे नवीन टाकले. सीएनजीवर कात्रजचा चढ घेतला, झटके गेले. पहिला गॅरेजवाला फोनवर अजून म्हणतोय क्लच बघून घ्या.

टॉपगिअर_काका
थ्रॉटल बॉडी साफ केली का त्यांनी?

घाटवाटकरीण
सीएनजी गाडी आहे तर गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, झालीय ना? दर ३ वर्षांनी लागते, नसेल तर पंपावर गॅस भरत नाहीत.

सातारी_कंदी
ती कुठे करून मिळते? शनिवारच्या आत होईल का?