प्रतिसाद: निकालानंतर नव्हे, दहावीपासूनच

‘बारावीचा निकाल लागू द्या, मग कॉलेजचे पाहू’ असे वर एका पालकांनी लिहिले आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. अकरावीचे विषय निवडतानाच अर्धा शोध झालेला असतो, कारण गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची. कृषी पदवीला मात्र दोन्ही गट चालतात.

आमच्यासारख्या खेड्यातल्या लोकांचा खरा घोळ कागदपत्रांत होतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला तपासून घ्यावा लागतो, आणि इतर मागासवर्गाच्या या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. माझ्या मुलीच्या वेळी आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीचा रकानाच कोरा निघाला. मग तहसीलीतून कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढली, तर पणजोबांच्या नावात एक काना कमी. त्या एका कान्यापायी पेरणीच्या दिवसांत चार चकरा झाल्या. हे काम अकरावीतच उरकले असते, तर सीईटी या प्रवेश परीक्षेनंतरच्या प्रवेश फेऱ्यांच्या वेळी जीव टांगणीला लागला नसता. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (आपण मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही, याचा दाखला) ही त्यामानाने किरकोळ कामे.

कॉलेज मात्र प्रत्यक्ष पाहावे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवार फेरी, म्हणजे शेतकऱ्यांना तिथली पिके शेतात दाखवण्याचा कार्यक्रम, भरते, तेव्हा आपण बियाण्यांसाठी जातोच. दहावीतल्या पोराला सोबत न्यावे, वसतिगृह आणि मेसही दाखवावी, आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी त्याला एकट्याला बोलू द्यावे.