मिनिटाला दहा बाण, तरी बंदूक का जिंकली?

पिंपळपान: इंग्लंडचा कसलेला तिरंदाज मिनिटाला दहा बाण सोडी. तोड्याची (म्हणजे पेटत्या वातीने बार काढणारी) बंदूक तेवढ्यात एक, फार तर दोन बार काढी. तरी १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राणीच्या सल्लागार मंडळाने) नागरी पथकांतून धनुष्याला निरोप दिला. माझ्या मते कारण एकच: बंदूक शिकायला सोपी. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रजी युद्धनौकेवरच्या धनुष्यांची ओढ (दोरी पुरती ताणायला लागणारा जोर) १०० ते १८५ पौंड धरली जाते. असे खांदे लहानपणापासून घडवावे लागतात.

सोरागंधक: ‘सोपी’ हे साफ अमान्य. डच चित्रकार याकोब द गेनच्या १६०७ च्या कवायतीच्या चित्रांत मस्केटच्या (तोड्याच्या जड बंदुकीच्या) एका बाराला चाळिसाहून जास्त कृती आहेत. रंजक (बार पेटवणारी बाहेरची चिमूटभर दारू) भरा, सांडलेले कण फुंकून टाका, नळीत दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, गज काढून जागेवर ठेवा (घाईत तो नळीतच राहिला की गोळीबरोबर उडून जातो!), मग तोडा बंदुकीवरच्या चिमट्यात अडकवा. आणि हे सगळं करताना दोन्ही टोकांनी पेटलेला तोडा डाव्या हाताच्या बोटांत. काजळीने रंजकेपासून नळीत जाणारं छिद्र बुजलं तर रंजक भपकन जळते, आतली दारू तशीच. बार झाला समजून गडी त्यावर दुसरी ठासतो, मग नळी फुटायची भीती.

पिंपळपान: पण या कृती आठवड्यांत पाठ होतात. खांदे होत नाहीत.

चिलखत: दोघेही वेगात आणि शिकवणीत अडकलात. बाणाची ऊर्जा साधारण शंभर-सव्वाशे ज्यूल. जड मस्केटच्या गोळीची दोन-तीन हजार. चांगल्या पोलादी चिलखताच्या छातीवरून बाण घसरतो, गोळी जवळून आरपार जाते. आणि ‘मिनिटाला दहा’ किती वेळ? जुडी २४ बाणांची, अडीच मिनिटांत खलास.

सोरागंधक: जुड्या गाड्यांतून मागून येत, तो मुद्दा कच्चा. ताकदीचा मात्र पटला. पण पावसात तोडा विझतो, रंजकेचा चिखल होतो.

चिलखत: ओलं धनुष्यही धड चालत नाही, दोरी भिजली की ढिली पडते. शिवाय महिनाभर अर्धपोटी, हगवणीने बेजार झालेल्या माणसाकडून १५० पौंड ओढून दाखवा. तोच माणूस चाप मात्र दाबू शकतो, आणि गोळी तेवढ्याच जोरात जाते.