अनुभव धागा: एकट्याने सॅक पाठीवर टाकून फिरताना सापडलेली (किंवा न सापडलेली) शांत जागा

विशी-पंचविशीत एकटं फिरायला निघणारे आता खूप झालेत, पण ऐकायला मिळतं ते सगळं रीलछाप. ढग, गिटार, आणि खाली 'स्वतःला शोधताना'. म्हणून इथे साधं लिहूया. कुठे गेलात, कसे पोचलात, तिथे नेमकी कसली शांतता मिळाली, आणि नसेल मिळाली तर तेही. स्वतःचा शोध लागला असेल तर अभिनंदन, पण बस आणि झोप यांच्याबद्दल आधी सांगा.

सुरुवात मीच करते. मी हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात गेले ती शिमल्याकडून, किन्नौरमार्गे. मनालीकडून लवकर पोचतो हे खरंय पण तिकडून मध्ये कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि ती हिवाळ्यात बंदच. किन्नौरकडून कल्पा, नाको असं टप्प्याटप्प्याने चढता येतं त्यामुळे डोकं ठणकत नाही. 'की' नावाच्या गोंपाचे, म्हणजे बौद्ध मठाचे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तो सुंदरच आहे पण सीझनमध्ये खाली गाड्यांची रांग असते. मला थांबावंसं वाटलं ते टाबोला. सन ९९६ मधला मठ, बाहेरून बघाल तर मातीच्या बुटक्या भिंती, यात काय बघायचं असं वाटतं. आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, नुसता अंधार. मग डोळे सरावतात आणि भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसायला लागतात, आधी एक हात, मग खांदा, मग एकदम लक्षात येतं की आपल्या चारी बाजूंना कोणीतरी बसलंय. आत फोटो काढायला बंदी आहे, आणि मला वाटतं अर्धी शांतता त्या बंदीमुळेच आहे!

*

शांतता आणि डॉर्म हे दोन शब्द एका वाक्यात वापरणाऱ्यांना माझा नमस्कार. मी स्पेनमध्ये कामिनो दे सांतियागो, म्हणजे सांतियागो शहरापर्यंतची पायी यात्रा, चाललो, फ्रेंच रूटवर, हा पूर्ण केला तर आठशे किमीच्या आसपास होतो. यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागा म्हणजे बंकबेडच्या रांगा, रात्री घोरण्याची जुगलबंदी आणि पहाटे कोणीतरी अंधारात प्लास्टिकची पिशवी चुरचुर चुरचुर करत सॅक भरतंय. वाट मात्र सोपी, पिवळे बाण बघत चालायचं. बुर्गोस ते लेऑन हा मधला मेसेटाचा पट्टा सपाट, दोन्ही बाजूंना शेतं, सावली जवळपास नाही, म्हणून बरेच जण तो बसने उडवतात. मला तोच आवडला राव. समोर बघायला काहीच नाही त्यामुळे डोकं आधी जाम कटकट करतं, जुनी भांडणं उकरून काढतं, मग त्यालाही कंटाळा येतो आणि ते गप्प बसतं. शेवटी सारिया या गावापासून जी गर्दी सुरू होते ती विचारू नका, कारण प्रमाणपत्रासाठी किमान शंभर किमी चालावं लागतं आणि सारिया त्या हिशोबाला बरोब्बर बसतं.

*

मुलगी म्हणून लिहिते, कारण वरच्या दादांना अंधारात पिशवीचा आवाज ऐकू आला, मला अंधारात कडी नीट लागतेय का ते ऐकावं लागतं. एकटीने जाताना शांत जागा आणि सुनसान जागा यात फरक करावा लागतो आणि तो नकाशावर दिसत नाही. माझी जागा माजुली, आसामात ब्रह्मपुत्रेतलं बेट. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोट. तिच्या टपावर मोटारसायकली इतक्या चिकटवून लावतात की हँडल एकमेकांत अडकतात, आणि खाली सगळे आपापल्या पोत्यांसकट बसतात. फेरीच्या वेळा आधी विचारून ठेवा, संध्याकाळनंतर नदी ओलांडायची सोय धरून चालू नका. चामागुरी सत्रात (सत्र म्हणजे तिकडचा वैष्णव मठ) मुखवटे बनवतात तिथे मी तासन्‌तास बसून राहिले. बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत भिजवलेलं कापड, मग शेणमातीचा थर, आणि ते वाळेपर्यंत कोणालाच घाई नाही. आजूबाजूला माणसं होती, कामात होती, माझ्याकडे कोणी टक लावून बघत नव्हतं. माझ्यासाठी शांतता म्हणजे एवढंच.

*

मला नाही मिळाली. खरंच. चार माणसांत राहिलेला माणूस एकदम एकटा पडला की संध्याकाळी साधारण सहा ते आठ या वेळात खायला उठतं सगळं, त्यावर कोणी बोलत नाही. दिवसा भारी वाटायचं.

*

वरच्या प्रतिसादाला हजार वेळा +१. ते सहा ते आठ मीपण काढलेत, हंपीत. जाताना मी जुने ब्लॉग वाचून गेलेलो, नदीपलीकडे विरुपापूर गड्डीवर झोपाळे टांगलेत, निवांत पडा वगैरे. तिथली गेस्टहाऊस २०२० मध्येच कोर्टाच्या निकालानंतर पाडली गेली. वारसास्थळाच्या संरक्षित भागात होती ती. शांत जागेचा बोभाटा झाला की तिचं काय होतं ते तिथे कळतं. मग आनेगुंदीच्या बाजूला राहिलो, सकाळी तुंगभद्रेच्या काठावर दगडांवर बसायचो, ऊन चढलं की दगड असे तापतात की बूड टेकवत नाही. संध्याकाळचं म्हणाल तर ओळख नसलेल्या कोणाशीही पत्ते खेळा, फरक पडतो.

*

म्हणूनच मी माझ्या जागेचं नाव सांगणार नाही. राग नको. घाटमाथ्यावरची एक पडवी आहे, बस.

*

अरे मग लिहिलंस कशाला :D

*

एकटं म्हणजे नक्की किती एकटं हा माझा प्रश्न आहे. नेपाळमध्ये १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना बऱ्याच ट्रेकिंग मार्गांवर परवानाधारक गाईड घ्यावा लागतो असा नियम झाला, आणि तेव्हा माझ्यासकट सगळ्यांनी बोंब मारली की सोलो ट्रेकिंग संपलं. एव्हरेस्टच्या भागात तो तितकासा लागू झाला नाही ती गोष्ट वेगळी. मी गाईड घेऊन गेलो. माणूस इतका कमी बोलणारा की मीच गप्पा काढायचो, तो हसायचा आणि पुढे चालायचा, पण वळणावर थांबून मागे बघायचा. त्याच्यामुळे वाट चुकायची धास्ती गेली आणि मग कुठे मला आजूबाजूचं दिसायला लागलं. एकट्याने गेलो असतो तर निम्मा वेळ फोनमधल्या नकाशात गेला असता असं माझं मत.

*

मी वयाने मोठी आहे, धागा मुलामुळे वाचतेय. तो पुढच्या महिन्यात एकटाच निघालाय, आधी स्पिती मग अरुणाचल म्हणतो. अडवणार नाहीये. पण काय विचारून घेऊ त्याच्याकडून?

*

काकू, रोज फोन कर असं नका सांगू, रेंज नसते आणि तुम्ही उगाच काळजीत पडाल. कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागायचं ती तारीख ठरवून घ्या आणि मुक्कामांची यादी घ्या. अरुणाचलला भारतीयांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं, ऑनलाइन मिळतं, प्रिंट दोन ठेवायला सांगा. स्पितीत तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जायला लागला तर वाट न बघता खाली उतरायचं, मित्र काय म्हणतील ते नंतर. सॅक भरून झाली की त्याला ती घालून घरातच जिने चढउतार करायला लावा. वजन कमरेच्या पट्ट्यावर यायला पाहिजे, खांद्यावर नाही. पहिल्याच मजल्यावर तो स्वतः निम्मे कपडे बाहेर काढेल.