टेबलचं हेडिंग उभं फिरवायचं की पानच आडवं करायचं?

समासवाला: प्रिंट काढून द्यायच्या प्रोजेक्टमध्ये लोक वर्डमध्ये टेबलची हेडिंग सर्रास ९० अंशात फिरवतात, मला ते अजिबात पटत नाही. स्क्रीनवर ठीक वाटतं पण बाइंडिंग झाल्यावर वाचणाऱ्याला प्रत्येक कॉलमला मान वाकडी करावी लागते. त्यात देवनागरी, रफार, वेलांट्या, उकार सगळे आडवे पडतात आणि ९ पॉइंटमध्ये छापलं की अक्षर लागतच नाही. टेबल रुंद आहे ना, मग त्याच्या आधी आणि नंतर नेक्स्ट पेजवाला सेक्शन ब्रेक टाका (म्हणजे तिथून पानाची मांडणी वेगळी ठेवता येते) आणि तेवढंच पान लँडस्केप, म्हणजे आडवं, करा. फाईल एकदाच फिरवायची, सगळं टेबल सरळ वाचायचं.

कोरा कागद: नाही पटलं. लँडस्केप केलंत की त्या पानाचा हेडर, फुटर पण फिरतो ना, म्हणजे बाकी पानांवर नंबर खाली आणि या एका पानाचा नंबर बाजूच्या कडेला. तो जागेवर आणायला लिंक टू प्रीव्हियस, म्हणजे आधीच्या सेक्शनच्या हेडरशी असलेली जोड, बंद करून हेडरमध्ये टेक्स्ट बॉक्स टाकून फिरवावाच लागतो, मग फिरवणं टळलं कुठे? आणि ज्या कॉलममध्ये नुसती बरोबरची खूण किंवा दोन आकडी संख्या आहे त्याला 'प्रात्यक्षिक पूर्ण झाले' एवढं हेडिंग आडवं कसं बसवणार? टेबलमध्ये क्लिक केल्यावर येणाऱ्या टेबलच्या लेआउट टॅबमधलं टेक्स्ट डायरेक्शन दोनदा दाबा, मजकूर खालून वर वाचला जातो. फक्त त्या ओळीची उंची हाताने वाढवा, नाहीतर शब्द तुटून दोन-तीन ओळींत जातात, आणि लोक त्यालाच बघून म्हणतात की फिरवलेलं वाईट दिसतं.

शाईपेन: मुळात ही कामं वर्डमध्ये करायचीच कशाला? पानं मांडायचं स्क्राइबस फुकट आहे, चित्रं काढायचं इंकस्केप फुकट आहे, हवा तो अंश टाका.

कोरा कागद: फाईल पुढे दुसऱ्या कुणाला दुरुस्त करायची असते हो, त्याच्याकडे वर्ड किंवा लिबरऑफिसच असतं.

दुमड: टेबलच्या पलीकडेही बघा जरा. टेबलावर ठेवायचं दुमडलेलं नावाचं कार्ड करताना एका बाजूचं नाव १८० अंशात उलटं लागतं आणि टेक्स्ट डायरेक्शनमध्ये १८० नाहीच. लिबरऑफिस रायटरमध्ये कॅरेक्टरच्या पोझिशन टॅबवर पण ०, ९० आणि २७० एवढंच. तिथे टेक्स्ट बॉक्सच घ्यावा लागतो, वरचा गोल बाण शिफ्ट दाबून ओढला की १५-१५ अंशांनी फिरतो, नाहीतर सरळ १८० आकडा टाका. जाड फाईलच्या कण्यावरचं नाव पण तसंच, मी वरून खाली वाचलं जाईल असं ठेवते, म्हणजे फाईल पालथी न घालता नुसती आडवी ठेवली तरी नाव सरळ दिसतं.

समासवाला: कार्ड आणि कणा एकदम मान्य, तिथे कागदच तसा वापरला जातो. पण टेबलबद्दल मी ठाम आहे. काही जण तर फिरवायचं टाळायला प्रत्येक अक्षरानंतर एंटर मारतात, मग 'प्रात्यक्षिक' मधली जोडाक्षरं कुठे तोडायची ते कळत नाही आणि शिरोरेखेचे तुकडे होतात, ते तर बघवत नाही. त्यापेक्षा हेडिंगला अ, ब, क द्या आणि टेबलखाली अर्थ लिहा.

कोरा कागद: म्हणजे प्रत्येक कॉलमला नजर खाली नेऊन परत वर आणायची आणि टेबल दोन पानांवर गेलं तर पान पण उलटायचं. फिरवलेलं हेडिंग निदान त्या कॉलमच्या डोक्यावर असतं, आणि रिपीट हेडर रो लावलं की पुढच्या पानावरही येतं.