मदत हवी आहे : तालमीच्या फळ्यासाठी लिहिते वाचक कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी,

शिवाजी पेठेत आमच्या तालमीच्या भिंतीवर फळा आहे. त्यावर दर शुक्रवारी मी कोल्हापूरविषयी पंधरा-वीस ओळी खडूने लिहितो. शुक्रवार अंबाबाईचा, त्यामुळे सकाळपासून येणारी-जाणारी माणसं असतात. माहिती करवीर नगर वाचन मंदिरात बसून काढतो (1850 सालची संस्था, जुनं बरंच सापडतं). खासबाग मैदान 1912 चं, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली, असे विषय असतात. लोक वाचतात, "छान" म्हणतात आणि पुढं जातात.

पावसाळ्यात मात्र वेगळंच घडलं. मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहिली होती : इशारा 39 फूट, धोका 43, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 च्याही वर. त्या दिवशी फळ्यापुढची गर्दी हलेना. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीचे एक काका सांगत होते, पाणी दारात आल्यावर कच्च्या गणेशमूर्ती हातोहात माळ्यावर कशा चढवल्या, खालच्या रांगेतल्या कशा विरघळल्या. सगळे कान देऊन ऐकत होते. मी म्हटलं, "काका, हे पुढच्या शुक्रवारी तुम्हीच लिहा." तर म्हणाले, "मला कुठलं लिवाय येतंय? तूच लिही की."

मला हेच हवंय. माझ्या पुस्तकी माहितीपेक्षा ही माणसं फळ्यावर आली पाहिजेत. त्यांचं बोलणं मी उतरवून त्यांच्या नावानं लिहावं का? त्यांची कोल्हापुरी भाषा तशीच ठेवावी असं मला वाटतं, पण काहींना त्यात कमीपणा वाटेल अशी धास्ती आहे. आधी वाचून दाखवणं तर हवंच.

दुसरी अडचण नियमितपणाची. गणपतीत फळा मांडवाआड जातो, आणि फुटबॉलचा सीझन लागला की सामन्यांचं वेळापत्रक त्यावर येतं. ते यायलाच हवं, पेठेचा जीव आहे तो. पण दोन-तीन शुक्रवार गेले की थांबून वाचायची सवय मोडते. कोपऱ्यात चार ओळींची जागा राखून ठेवली तर चालेल का?

गावात, वाड्यात, कॉलेजात कुणी भित्तिपत्रक चालवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. विशेषतः पहिला लिहिणारा वाचक तुम्हाला कसा मिळाला?